उष्णकटिबंधीय जंगलातील ट्रेल कॅमेरा : रिकामी चित्रे, अर्धी जनावरे आणि ‘दिसले नाही’ याचा अर्थ

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : दाट, दमट उष्णकटिबंधीय जंगलात आपण दोन ट्रेल कॅमेरे, म्हणजे झाडाला बांधून ठेवायचे आणि समोर हालचाल झाली की आपोआप चित्र घेणारे कॅमेरे, सुमारे पाच आठवडे लावून ठेवले. कार्डावर हजारो चित्रे आली, पण त्यांतील बहुतेकांत केवळ हलणारी पाने आहेत, काहींत एखाद्या जनावराचे मागचे अर्धे अंग आहे, आणि अखेरच्या दिवसांतील चित्रे तर धुरकटच आहेत. आजूबाजूला पाऊलखुणा आणि विष्ठा मात्र भरपूर दिसत होत्या. आता अधिक महाग कॅमेरा घ्यावा काय, जे टिपले गेले नाही ते तेथे नाहीच असे मानावे काय, आणि जी थोडी चांगली चित्रे मिळाली ती सर्वांना दाखवण्यास हरकत आहे काय, असे आपले तीन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येईल. आपण वर्णन केलेल्या तिन्ही तक्रारी कॅमेऱ्याच्या किमतीशी फारशा निगडित नाहीत. त्या कॅमेरा कोठे, किती उंचीवर आणि कोणत्या दिशेला बांधला याच्याशी, तसेच अशा जंगलातील उष्णता व ओल यांच्याशी निगडित आहेत. अर्थात आपले जंगल सखल भागातील आहे की डोंगरउतारावरचे, आपण गेलात तो काळ पावसाचा होता की कोरडा, आणि आपल्याला नेमका कोणता प्राणी पाहायचा आहे, यांवर पुढील बऱ्याच गोष्टी अवलंबून आहेत. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी कारण सांगत जातो, म्हणजे आपल्याला ते आपल्या जागेला लावून पाहता येईल.

ट्रेल कॅमेऱ्याचा सेन्सर जनावर ‘पाहत’ नाही. त्याच्यासमोरच्या भागातून येणाऱ्या अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, इन्फ्रारेड) उष्णतेत एकाएकी फरक पडला, तर तो कॅमेऱ्याला जागे करतो. हा फरक पडण्यासाठी दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात : समोरच्या वस्तूचा पृष्ठभाग पार्श्वभूमीपेक्षा बराच उष्ण किंवा थंड असावा लागतो आणि ती वस्तू हलावी लागते. थंड प्रदेशात हे सोपे असते, कारण गार झाडोऱ्यासमोर उबदार अंगाचे जनावर सहज उठून दिसते. सखल उष्णकटिबंधीय जंगलात मात्र दुपारी हवा तीस अंशांच्या वर जाते. जनावराचे आतील तापमान सदतीस-अडतीस अंश असले, तरी सेन्सरपर्यंत पोहोचते ती केसांच्या वरच्या थराची उष्णता, आणि तो थर हवेच्या तापमानाच्या फार जवळ असतो. परिणामी दुपारी एखादे हरीण समोरून शांतपणे निघून जाते आणि कॅमेरा जागाही होत नाही. त्याच वेळी फांद्यांच्या फटीतून आलेले ऊन एखाद्या रुंद पानावर पडून ते तापते, वाऱ्याने ते पान हलते, आणि सेन्सरला नेमके तेच जनावर वाटते. आपल्या हजारो रिकाम्या चित्रांच्या वेळा तपासून पाहा; त्यांतील बहुसंख्य चित्रे सकाळी उशिरापासून दुपारपर्यंतची निघतील असा माझा अंदाज आहे. तसे असेल, तर कॅमेरा बिघडलेला नाही, तो उन्हाच्या कवडशांकडे तोंड करून बसला आहे. याच कारणाने साप, सरडे आणि बेडूक यांची नोंद घेण्यासाठी हा सेन्सर भरवशाचा नाही. त्यांच्यासाठी ठराविक अंतराने आपोआप चित्र घेण्याची सोय वापरावी लागते.

म्हणून बसवण्याची जागा निवडताना मी प्रथम वर पाहतो आणि मग खाली. डोक्यावर झाडांच्या शेंड्यांचे छत्र अखंड आहे का, समोरच्या सात-आठ मीटरांत एखादे झाड कोसळून उजेडाची मोकळी जागा झाली आहे का, हे आधी तपासावे. पूर्व किंवा पश्चिम दिशेकडे तोंड करणे शक्यतो टाळावे, कारण सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन थेट भिंगावर येते. विषुववृत्ताच्या आसपास सूर्य वर्षातील काही महिने उत्तरेकडे व काही महिने दक्षिणेकडे असतो, त्यामुळे तेथे कायम सुरक्षित अशी एकच दिशा नसते. छत्राची सावली हाच तेथे मुख्य आधार होय. कॅमेरा ज्या खोडाला बांधायचा ते वाऱ्याने डोलणारे नसावे, कारण खोड डोलले की समोरचे सगळेच दृश्य सेन्सरच्या दृष्टीने हलते.

आता अर्ध्या जनावरांकडे येऊ. सेन्सरने दखल घेतल्यापासून पहिले चित्र निघेपर्यंत कॅमेऱ्याच्या प्रकारानुसार सेकंदाच्या काही दशांशांपासून एक सेकंदापर्यंत वेळ जातो. समजा, आपण कॅमेरा वाटेपासून दोन मीटरवर, वाटेला काटकोनात बांधला आहे आणि त्याच्या दृष्टिक्षेत्राचा कोन सुमारे चाळीस अंशांचा आहे. अशा वेळी वाटेवर दिसणारा पट्टा जेमतेम दीड मीटर रुंदीचा असतो. सेकंदाला एक मीटर या सहज चालीने जाणारे जनावर तो पट्टा दीड सेकंदात ओलांडते, आणि त्यातला काही वेळ सेन्सरच्या जागे होण्यातच जातो. शिल्लक राहते ते शेपूट. हेच अंतर चार मीटर केले, तर पट्टा जवळजवळ तीन मीटरांचा होतो आणि तेवढ्याने बहुतेक वेळा संपूर्ण जनावर चौकटीत येते.

येथे एक पेच आहे, तो समजून घ्यायला हवा. सेन्सरचे क्षेत्र अनेक पट्ट्यांत विभागलेले असते, आणि जनावर एका पट्ट्यातून दुसऱ्यात आडवे गेले की त्याची दखल उत्तम घेतली जाते. सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने चालत आले, तर पुष्कळ उशिरा घेतली जाते. म्हणजे दखल घेण्यासाठी काटकोन चांगला, तर जनावर चौकटीत अधिक वेळ राहावे यासाठी वाटेच्या लांबीच्या दिशेने पाहणे चांगले. मी बहुतेक ठिकाणी दोहोंच्या मधला, म्हणजे वाटेशी साधारण पंचेचाळीस अंशांचा तिरपा कोन ठेवतो आणि वाट तीन ते चार मीटरांवर येईल असे पाहतो. शिवाय एका वेळी एकच चित्र न घेता लागोपाठ तीन चित्रे घेण्याची आणि दोन नोंदींमध्ये विश्रांती न ठेवण्याची मांडणी करावी. पिल्लू आईच्या मागून येते, कळपातले दुसरे जनावर पहिल्यानंतर काही क्षणांनी येते, आणि मधे एका मिनिटाची विश्रांती ठेवलेली असेल, तर ते सारे हातचे जाते.

उंचीबाबत नवखी माणसे जवळजवळ नेहमी कॅमेरा स्वतःच्या छातीच्या उंचीवर बांधतात, कारण तेथे हात सहज पोहोचतो. कॅमेरा जनावराच्या खांद्याच्या उंचीच्या आसपास असायला हवा. मांजरापासून हरणापर्यंतचे सर्व प्राणी एकाच कॅमेऱ्यात हवे असतील, तर जमिनीपासून तीस ते पन्नास सेंटिमीटर, म्हणजे सर्वसाधारणपणे आपल्या गुडघ्याइतकी उंची योग्य ठरते. केवळ उंदीर-घुशींसारखे लहान प्राणी हवे असतील, तर आणखी खाली यावे लागते. उतारावर ही मोजमापे कॅमेऱ्याच्या खोडाशी न घेता वाटेच्या पातळीवरून घ्यावीत. बांधून झाले की चाचणीचा दिवा सुरू करून आपण स्वतः वाटेवर हातापायांवर टेकून, दोन्ही दिशांनी, सावकाश सरपटत जावे. दिवा कोठे लागतो आणि कोठे विझलेलाच राहतो, हे खडूने किंवा काडीने जमिनीवर खुणावून ठेवावे. पुष्कळदा असे दिसते की दिवा वाटेच्या पलीकडच्या काठावरच लागतो, कारण खोड किंचित मागे कललेले असते आणि कॅमेरा आकाशाकडे पाहत असतो. तेव्हा कॅमेरा बांधायच्या पट्ट्याच्या वरच्या बाजूला, कॅमेऱ्याच्या पाठीमागे एक बारकी काटकी सरकवली की तो हवा तेवढा खाली वाकतो. जंगलात एवढे करायला दहा मिनिटे लागतात, आणि पुढचे पाच आठवडे त्या दहा मिनिटांवर अवलंबून असतात.

समोरचे गवत व नेचे काढावेत, परंतु भिंग आणि वाट यांच्यामधले तेवढेच. अधिक साफसफाई केली, तर जनावरे जागा ओळखून वळसा घेतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत ऊन येऊन रोपे दुप्पट जोमाने वाढतात. दमट जंगलात एखादी वेल तीन आठवड्यांत भिंगासमोर येते. म्हणून भोवतालच्या वेलींचे कोवळे शेंडे कोणत्या बाजूला वळलेले आहेत, हेही पाहून ठेवावे.

धुरकट चित्रांचे कारण बहुधा कॅमेऱ्याच्या आत गेलेली ओल हे आहे. आपण जंगलात कॅमेरा उघडून सेल बदलता, तेव्हा बाष्पाने भरलेली हवा आत कोंडली जाते. पहाटे तापमान खाली आले की तेच बाष्प भिंगाच्या आतील बाजूला दव होऊन बसते. दिवसा ते विरते, पण काही आठवड्यांत तेथे बुरशीचे जाळे पसरते आणि मग चित्र कायमचे मळते. उपाय तीन आहेत आणि तिन्ही स्वस्त आहेत. झाकणाच्या रबरी कडेवर वाळूचा एक कण किंवा नेच्याचा एक केस राहिला, तरी तेथून ओल शिरते. म्हणून प्रत्येक वेळी ती कड सुक्या फडक्याने पुसून तिला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. आत सिलिका जेलची, रंग बदलणारी पुडी ठेवावी आणि रंग बदलला की दुसरी, भट्टीत तापवून कोरडी केलेली पुडी घालावी. आणि कॅमेरा पावसात किंवा पाऊस थांबल्या-थांबल्या न उघडता, शक्य असेल तर दिवसाच्या कोरड्या प्रहरी उघडावा.

मुंग्या आणि वाळवी हा दुसरा त्रास. त्यांना ही उबदार, कोरडी पेटी घरट्यासाठी फार सोयीची वाटते. बांधण्यापूर्वी खोडावर मुंग्यांची रांग आहे का आणि सालीवर वाळवीचे मातीचे बोगदे आहेत का, ते पाहावे. असतील, तर झाड बदलावे. कीटकनाशक फवारू नये, कारण त्याचा वास जनावरांनाही येतो. अंगाला लावायच्या ज्या कीटकरोधक मलमांत डीट हे द्रव्य असते, ते हाताला असताना कॅमेऱ्याला स्पर्श करू नये. डीटमुळे प्लॅस्टिक विरघळून चिकट होते, आणि सेन्सरवरचे पातळ आवरण प्लॅस्टिकचेच असते.

सेलविषयी थोडक्यात सांगतो. साध्या अल्कलाइन सेलचा दाब (व्होल्टेज) हळूहळू उतरत जातो, त्यामुळे रात्रीचा फ्लॅश दिवसेंदिवस मंद होतो आणि चित्रे काळवंडतात. ते फुटून आतील द्रव्य गळण्याची भीतीही असते. एकदाच वापरायचे लिथियम सेल शेवटपर्यंत दाब टिकवतात. पुन्हा भरता येणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल दीर्घकाळात परवडतात, परंतु त्यांचा दाब मुळातच कमी, १.२ व्होल्ट असतो, म्हणून आपला कॅमेरा त्यांवर नीट चालतो का, हे घरीच तपासावे. कॅमेरा उन्हाकडे पाहणारा असेल, तर हजारो रिकाम्या चित्रांतच सेल संपतात, हेही ध्यानात ठेवावे.

फ्लॅशची निवड मात्र खरोखर आपल्या हेतूवर अवलंबून आहे. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त फ्लॅश दूरवर उजेड देतो, पण त्यात जनावराला आणि माणसाला दिसणारी मंद तांबडी चमक असते. ९४० नॅनोमीटरचा फ्लॅश जवळजवळ अदृश्य असतो, मात्र त्याचा पल्ला कमी आणि चित्र अधिक दाणेदार. दोन्हींत रात्रीचे चित्र कृष्णधवल येते आणि चालते जनावर थोडे पुसट होते. अंगावरील ठिपके किंवा पट्टे पाहून एकेक प्राणी ओळखायचा असेल, तर पांढरा फ्लॅशच उपयोगी पडतो. अमेरिकन छायाचित्रकार जॉर्ज शायरस यांनी रात्री टिपलेली जनावरांची छायाचित्रे १९०६ साली नॅशनल जिओग्राफिक मासिकात छापून आली, तीही पांढऱ्या झोताचीच होती. पुढे वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी १९९५ साली कर्नाटकातील नागरहोळ येथील वाघांच्या संख्येचा अंदाज कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे अशाच आपोआप चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, आधारे मांडला, तो वाघांच्या पट्ट्यांवरून एकेक वाघ वेगळा ओळखून. अशा कामात वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लागतात, कारण एकाच जनावराच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरील खुणा वेगळ्या असतात. आपल्याला केवळ ‘कोण कोण येते’ एवढेच पाहायचे असेल, तर अवरक्त फ्लॅश पुरेसा आहे आणि त्याने जनावरेही कमी बिचकतात.

आता आपला दुसरा प्रश्न, जो माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. कॅमेऱ्यात आले नाही म्हणजे जंगलात नाही, असे म्हणता येत नाही. व्हिएतनाम आणि लाओस यांच्या सीमेवरील अन्नामाइट डोंगररांगांत राहणारा साओला हा बैलाच्या कुळातील, लांब सरळ शिंगांचा प्राणी १९९२ साली शिंगांवरून विज्ञानाला कळला. त्याचे कॅमेरा ट्रॅपमधील चित्र १९९९ साली लाओसमध्ये मिळाले आणि त्यानंतर व्हिएतनाममधील चित्रासाठी २०१३ पर्यंत वाट पाहावी लागली. प्राणी तेथे होता. कॅमेऱ्यासमोर येण्याची शक्यता अतिशय कमी होती. ही शक्यता प्रत्येक प्राण्यासाठी, प्रत्येक जागेसाठी आणि प्रत्येक ऋतूसाठी वेगळी असते. मोठी मांजरे मोकळ्या वाटांनी चालतात म्हणून वाटेवरच्या कॅमेऱ्यात ती त्यांच्या खऱ्या संख्येच्या मानाने जास्त येतात. लहान भक्ष्यप्राणी त्याच कारणाने ती वाट टाळतात आणि कमी येतात. झाडांवर राहणारे प्राणी तर जमिनीलगतच्या कॅमेऱ्यात जवळजवळ येतच नाहीत. त्यांच्यासाठी कॅमेरा वर छत्रात, जाड आडव्या फांदीसमोर बांधावा लागतो.

चित्रांच्या संख्येवरून जनावरांची संख्या ठरवण्याचा मोहही आवरावा. एकच रानडुक्कर वाटेवर माती उकरत बसले, तर पन्नास चित्रे देऊन जाते. म्हणून एकाच जागी एकाच जातीची अर्ध्या तासाच्या किंवा तासाभराच्या आतील सर्व चित्रे एकच नोंद म्हणून धरण्याची पद्धत आहे. तरीही त्या नोंदी ‘किती जनावरे’ हे सांगत नाहीत. ‘येथे किती वेळा हालचाल झाली’ एवढेच सांगतात. एकूण जंगलाविषयी काही ठामपणे म्हणायचे असेल, तर जागांची संख्या वाढवावी लागते. कॅमेरा अभ्यासांच्या आखणीची तुलना करून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात चाळीस ते साठ जागा आणि प्रत्येक जागी तीन ते पाच आठवडे, अशी शिफारस केली आहे. दोन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी एवढे होणार नाही, पण त्यातले तत्त्व आपल्याला वापरता येते : एकाच आवडत्या पाणवठ्यावर सहा महिने बसण्यापेक्षा दर चार आठवड्यांनी कॅमेरे नव्या जागी हलवावेत. अशी वर्षभरात वीसहून अधिक ठिकाणे होतात आणि पाऊस व कोरडा काळ दोन्ही त्यांत येतात. ऋतूंची सरमिसळ होऊ नये म्हणून वाटेवरच्या आणि वाटेपासून दूरच्या जागा आलटून पालटून घ्याव्यात.

आमिष मात्र ठेवू नये. आमिषाने चित्रे वाढतात, परंतु मग आपण जंगल पाहत नसतो, तर आमिषाभोवती जमलेली गर्दी पाहत असतो. शिवाय भक्षक आणि भक्ष्य एका जागी ओढले जातात आणि रोगही पसरू शकतो. ज्या पाऊलखुणा आणि विष्ठा आपण पाहिल्या, त्याच आपल्याला जागा सांगतील : दोन वाटा जेथे मिळतात ते टोक, ओढ्यावर आडवे पडलेले झाड, फळे गळणाऱ्या झाडाच्या खालून जाणारी दबलेली पायवाट.

घड्याळाकडे फार कमी लोक लक्ष देतात. सेल काढले की काही कॅमेऱ्यांची तारीख मागे जाते आणि पुढची सगळी नोंद चुकीच्या वर्षाची होते. म्हणून कॅमेरा लावताना आणि काढताना आपल्या मोबाईलवरील वेळ कॅमेऱ्यासमोर धरून एक चित्र टिपावे. वहीत जागेचा क्रमांक, उंची, दिशा, अंतर आणि कॅमेरा बंद पडला असल्यास शेवटच्या चित्राची तारीख लिहावी. कॅमेरा किती दिवस खरोखर जागा होता, हे कळल्याशिवाय दोन जागांची तुलना करता येत नाही. रिकामी चित्रे वेगळी काढण्यासाठी मेगाडिटेक्टरसारखी, चित्रात प्राणी, माणूस वा वाहन आहे का एवढेच सांगणारी मोफत संगणकीय साधने आहेत. त्यांनी बाजूला काढलेल्या चित्रांतील काही चित्रे डोळ्यांनी मुद्दाम तपासावीत, कारण काठावरचे लहान जनावर त्यांच्या नजरेतूनही सुटते. आणि रिकामी चित्रे निदान अभ्यास संपेपर्यंत पुसू नयेत, कारण कॅमेरा त्या दिवशी चालू होता याचा तोच पुरावा असतो.

तिसरा प्रश्न चित्रे दाखवण्याचा. जंगलाच्या व्यवस्थापनाची परवानगी घेऊनच कॅमेरे लावले असतील असे मी गृहीत धरतो. नसेल, तर ती आधी घ्यावी. चित्रांत माणसे आली असतील, तर ती प्रसिद्ध करू नयेत. वाटेने जाणाऱ्यांना आपले चित्र घेतले जाते हे माहीतही नसते. खवल्या मांजरासारखे ज्यांच्यामागे शिकारी असतात असे प्राणी टिपले गेले असतील, तर फाइलमध्ये साठलेली स्थानाची माहिती आणि चित्राखालच्या पट्टीवरील जागेचे नाव काढून टाकावे, व ओळखता येईल असा खडक किंवा पूल मागे दिसत असेल, तर चित्र कापून घ्यावे. नेमकी जागा केवळ जंगलाच्या व्यवस्थापनाला कळवावी, इतरांना मोठ्या प्रदेशाचे नाव पुरे होते. आपल्या अर्ध्या अंगाच्या चित्रांपैकी ज्यांत शेपूट आणि मागचे पाय स्पष्ट आहेत ती येथे जोडलीत, तर जात ओळखण्याचा प्रयत्न मी अवश्य करीन. मात्र त्यांच्यासोबत कॅमेऱ्याची उंची आणि वाटेपर्यंतचे अंतर लिहावे, म्हणजे जनावराच्या आकाराचा अंदाज येईल.